परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांना खुले पत्र: खर्चाचा एक आकडा नको, महिन्यांचा हिशेब द्या

परदेशी शिक्षणासाठी मार्गदर्शन करणाऱ्या सर्व सल्लागारांस,

सप्रेम नमस्कार.

आपण विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम सुचवता, अर्ज भरून देता, व्हिसाची कागदपत्रे लावून देता आणि या सगळ्याबरोबर खर्चाचा एक कागदही त्यांच्या हाती ठेवता. हे पत्र त्या कागदाविषयी आहे. त्यावरील फी, व्हिसाशुल्क आणि विमानभाडे या ओळी बहुतेक वेळा बरोबर असतात, कारण ते आकडे कुठेतरी छापील मिळतात आणि चुकले तर लगेच उघडकीला येतात. त्यांच्याखाली ‘राहणे-खाणे’ असे लिहून जो एकच आकडा दिलेला असतो, आणि ज्याला बाराने भागून ‘महिन्याला एवढ्यात भागते’ असे कुटुंबाला सांगितले जाते, त्या एका ओळीबद्दल मला आपल्याशी सविस्तर बोलायचे आहे. मी परदेशात शिकले आणि आता नव्याने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना पैशाच्या अडचणीत मदत करणाऱ्या एका कक्षात काम करते. आमच्याकडे येणारी मुले-मुली उधळी नसतात. त्यांच्यातले बरेच जण पै-पैचा हिशेब वहीत लिहून ठेवतात आणि तरीही दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्यांची तोंडमिळवणी होत नाही, कारण ज्या आकड्यावर त्यांनी घरच्यांसह सगळा बेत आखला, तो आकडा घरखर्चासाठी काढलेलाच नव्हता.

तो आकडा व्हिसाचा असतो. अर्जदाराकडे किमान किती पैसे असल्याशिवाय त्याला देशात येऊ द्यायचे नाही, एवढेच तो सांगतो. अमुक शहरात अमुक विद्यार्थ्याला किती लागतील हे त्यात नसते, आणि ते कोणत्या तारखेला लागतील हे तर मुळीच नसते. कॅनडाचे उदाहरण या बाबतीत पुरेसे बोलके आहे. क्यूबेक प्रांत वगळता तिथे एकट्या विद्यार्थ्याने फी आणि प्रवासखर्चाव्यतिरिक्त दाखवायची रक्कम या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांपासून २०२३ च्या अखेरीपर्यंत वर्षाला १०,००० कॅनेडियन डॉलर हीच राहिली. १ जानेवारी २०२४ पासून ती एकदम २०,६३५ डॉलर झाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर. त्या डिसेंबर आणि जानेवारीच्या मधल्या एका रात्रीत टोरांटोतली भाडी दुप्पट झाली नव्हती. वर्षानुवर्षे जुना राहिलेला सरकारी आकडा तेवढा बदलला. मधल्या काळात ज्यांना ‘दहा हजारांत वर्ष निघते, सरकारच तसे म्हणते’ असे सांगण्यात आले, त्या मुलांनी उरलेला खर्च कसा भागवला असेल याची कल्पना आपल्याला असेलच. शिवाय २०२४ मध्ये लागू झालेली नवी रक्कमही कॅनडाच्या अल्प उत्पन्न मर्यादेच्या ७५ टक्केच होती. ज्या उत्पन्नाखाली माणसाला मूलभूत गरजांवर सरासरीहून बराच मोठा हिस्सा खर्च करावा लागतो असे तिथे मानतात, त्याचा हा पाऊण हिस्सा झाला. ऑस्ट्रेलियाने १० मे २०२४ पासून लागू केलेली २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलरची अट तिथल्या राष्ट्रीय किमान वेतनाच्या ७५ टक्क्यांवर बेतलेली आहे. या सरकारांनी काहीही लपवलेले नाही, तळरेषा म्हणूनच त्यांनी हे आकडे जाहीर केले आहेत. त्या तळरेषेला ‘सरासरी खर्च’ हे नाव आपल्या कागदावर मिळते.

जर्मनीचा आकडा मी जरा जवळून दाखवते, कारण नुसती रक्कम पाहून अडचण कुठे आहे ते कळत नाही. १ सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे आधीच पैसे भरून ठेवायच्या आणि दरमहा ठरावीकच रक्कम काढू देणाऱ्या खात्यात, वर्षासाठी ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून दरमहा जास्तीत जास्त ९९२ युरो काढता येतात. ही रक्कम जर्मन विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी शिक्षणसाहाय्याच्या कमाल दराशी जोडलेली आहे आणि त्या दराची फोड अशी आहे: जगण्याच्या मूलभूत खर्चाला ४७५ युरो, घराला ३८० युरो आणि आरोग्य व शुश्रूषा विम्याला १३७ युरो. म्हणजे आपण ज्या आकड्याला ‘पुरेसा’ म्हणता, त्यात खोलीचे भाडे ३८० युरो गृहीत धरलेले आहे. म्युनिकमध्ये किंवा फ्रँकफर्टमध्ये सामायिक घरातली खोलीदेखील त्या भाड्यात मिळणे दुरापास्त आहे. विद्यार्थी-सेवा संस्थांच्या वसतिगृहांत ते शक्य असते, पण मोठ्या शहरांत त्यांच्या प्रतीक्षायाद्या कित्येक महिन्यांच्या असतात. विम्याचा विद्यार्थी-दरही साधारण तिसाव्या वर्षापर्यंतच लागू असतो, आणि काही वर्षे नोकरी करून मग शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला हे सहसा कोणी सांगितलेले नसते.

आता पहिला महिना पाहू. मूळ भाडे ५०० युरो असलेली खोली मिळाली असे धरा. जर्मन कायद्यानुसार घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागू शकतो, म्हणजे १,५०० युरो. ही अनामत तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच दिलेला आहे. तो हक्क माहीत असलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटतो, आणि माहीत असला तरी दहा जण रांगेत असलेल्या खोलीसाठी तो उच्चारायचे धैर्य त्याला होत नाही. तरीही त्याने तो वापरला असे समजू. पहिल्या तीन महिन्यांत दरमहा ५०० युरो भाडे आणि ५०० युरो अनामतीचा हप्ता, असे १,००० युरो जातात, आणि ब्लॉक्ड अकाउंटमधून येतात ९९२. विमा, जेवण, प्रवास, फोन, घर तापवण्याचा आणि विजेचा खर्च या कशाचाही अजून विचार झालेला नाही. खात्यात वर्षभराची रक्कम पडून असते आणि विद्यार्थ्याकडे दुकानात जायला पैसे नसतात. वर्षाच्या बेरजेत हा प्रसंग कुठेच दिसत नाही, कारण बेरजेला तारीख नसते.

त्यातही पहिला हप्ता हातात यायलाच वेळ लागतो. घर मिळाले की घरमालकाकडून राहत असल्याचे पत्र घ्यायचे, ते दाखवून नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची, त्या नोंदीच्या आधारे चालू खाते उघडायचे आणि मग ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे त्या खात्यात वळवायचे, असा हा क्रम सर्वसाधारणपणे असतो. घर नसेल तर पुढचे काहीच हलत नाही आणि घर मिळवायला तर आधी पैसे लागतात. या फटीत अडकलेल्या एका विद्यार्थिनीने माझ्यासमोर तिच्या सल्लागाराने दिलेला कागद ठेवला होता. ‘राहणे-खाणे’ या ओळीपुढे बरोबर ११,९०४ लिहिलेले होते आणि त्याखाली हिरव्या शाईने ‘पुरेसे’ असा शेरा होता. कागदाच्या मागच्या बाजूला तिने स्वतःच्या अक्षरात रोजच्या खर्चाच्या नोंदी केल्या होत्या, आणि त्या नोंदींत सलग काही दिवस जेवणाचा खर्च रिकामा सोडलेला होता. ते दिवस तिने कसे काढले हे मी विचारले नाही. तिला सहा आठवडे पुरेल एवढी मोकळी रक्कम ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर ठेवायला कोणी सांगितले असते, तर तो कागद घेऊन ती माझ्याकडे आलीच नसती, एवढे मात्र मला खात्रीने सांगता येते. तिच्या घरच्यांजवळ ती रक्कम होती. ती लागेल हे त्यांना माहीत नव्हते.

ब्रिटनमध्ये अडचणीचे स्वरूप निराळे आहे. तिथे ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड दाखवावे लागतात, आणि ते सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात, हे आपण सांगताच. पण ही रक्कम जास्तीत जास्त नऊ महिन्यांसाठीच मोजली जाते. लंडनबाहेर तिची बेरीज १०,५३९ पौंड होते आणि लंडनमध्ये १३,७६१. पदव्युत्तर अभ्यासक्रम मात्र बहुधा बारा महिन्यांचा असतो, कारण उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा असतो आणि त्या काळातही भाडे द्यावे लागते. सरकारी दरानेच मोजले तरी उरलेल्या तीन महिन्यांचे लंडनबाहेर ३,५१३ आणि लंडनमध्ये ४,५८७ पौंड आपल्या कागदावरून गायब असतात. प्रबंधाच्या ऐन महिन्यांत जी मुले पूर्णवेळ कामाला जुंपून घेतात आणि मग मुदतवाढीचे अर्ज करत बसतात, त्यांच्यातल्या अनेकांची गोष्ट या तीन महिन्यांपासून सुरू होते.

ब्रिटनच्या आरोग्य अधिभाराचेही, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरता यावी म्हणून व्हिसाच्या वेळी भरायच्या रकमेचेही, तसेच. विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे म्हणून कागदावर ७७६ लिहिले जातात, परंतु तो व्हिसाच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि अर्जाबरोबरच एकरकमी भरायचा असतो. बारा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला मागची-पुढची मुदत धरून साधारण सोळा महिन्यांचा व्हिसा मिळतो, त्यामुळे प्रत्यक्षात १,१६४ पौंड भरावे लागतात, आणि तेही विमानात बसण्यापूर्वी. घराच्या अनामतीवर इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा घातलेली आहे, ही दिलासा देणारी गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. ब्रिटनमध्ये राहणारा हमीदार नसेल तर पूर्वी सहा-सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागत असत. २०२५ च्या नव्या कायद्याने खासगी भाडेकरारांत एका महिन्याहून अधिक आगाऊ भाडे घेण्यावर १ मे २०२६ पासून बंदी घातली आहे. तरीही हमीदाराची मागणी संपलेली नाही. हमीदार म्हणून उभ्या राहणाऱ्या कंपन्या त्याचे शुल्क घेतात, आणि विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या मोठ्या खासगी वसतिगृहांत भाडे बहुधा वर्षातून दोन-तीन मोठ्या हप्त्यांत भरायचे असते. घरून दरमहा पैसे पाठवायचे ठरवलेल्या कुटुंबाला सप्टेंबरमध्ये चार महिन्यांचे भाडे एकदम मागितले जाते, तेव्हा त्यांची होणारी धावपळ आपल्या कानांपर्यंत पोहोचत नसावी. माझ्यापर्यंत ती रोज येते.

देश कोणताही असो, पहिले दोन-तीन आठवडे तात्पुरत्या निवाऱ्यात काढावे लागतील असे धरूनच हिशेब मांडायला हवा. हा खर्च टाळण्यासाठी मुले निघण्यापूर्वीच, न पाहिलेल्या खोलीची अनामत, न भेटलेल्या माणसाच्या खात्यावर पाठवतात, आणि अशा व्यवहारांत फसवणारे लोक नेमक्या प्रवेशाच्या हंगामात सक्रिय असतात. छायाचित्रे दुसऱ्याच घराची असतात, मालक ‘सध्या परदेशात’ असतो, किल्ली टपालाने येणार असते आणि पैसे मात्र आजच्या आज हवे असतात. तात्पुरत्या निवाऱ्याचे भाडे ही चैन वाटते, परंतु घर डोळ्यांनी पाहून करार करण्याची संधी त्यातूनच विकत मिळते, आणि अनामतीचे पैसे बुडण्यापेक्षा ती पुष्कळच स्वस्त पडते. हा खर्च तुमच्या कागदावर नसेल, तर पालक तो अनावश्यक आहे असेच समजतात.

आता पार्टटाइम कामाविषयी. ‘राहण्या-खाण्याचे पार्टटाइमवर निघून जाईल’ हे वाक्य इतक्या सहजतेने बोलले जाते की, पालकांना ते विद्यापीठानेच दिलेले आश्वासन वाटते. नियम काय आहेत? ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यावरच्या स्तरावरील विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून विद्यापीठाबाहेर आठवड्याला २४ तास. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास. जर्मनीत २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर सत्रकाळात आठवड्याला २० तासांपर्यंत आणि तेही विद्यापीठाच्या आवारात. तिथे पहिल्या शैक्षणिक वर्षात आवाराबाहेर काम करता येत नाही. या मर्यादा कमाल आहेत. तितके काम मिळेलच असे कोणताही देश म्हणत नाही. काम शोधण्यात जाणारे आठवडे, कर-क्रमांक मिळेपर्यंतची वाट, पहिला पगार हाती येईपर्यंतचा काळ आणि परीक्षेच्या महिन्यांत कमी होणारे तास, हे सगळे वजा केले तर पहिल्या सत्रात कमाई शून्य धरणे हेच शहाणपणाचे आहे. ब्रिटनच्या व्हिसानियमांत तर पुढे मिळू शकणारी कमाई निधी म्हणून दाखवताच येत नाही. जी गोष्ट व्हिसा अधिकाऱ्यापुढे मांडायला परवानगी नाही, ती पालकांपुढे हमी म्हणून कशी मांडता येईल, हा प्रश्न मी आपल्याला पूर्ण गांभीर्याने विचारत आहे.

माझा पार्टटाइम कामाला विरोध नाही. त्यातून भाषा सुधारते, ओळखी होतात, हात थोडा सैल होतो. पण ज्या विद्यार्थ्याचे भाडेच त्या कमाईवर अवलंबून असते, त्याला मालकाने एक पाळी रद्द केली तरी धडकी भरते. मग तो मर्यादेपलीकडचे तास रोखीने काम करायला तयार होतो, आणि तिथे मजुरी बुडवली गेली तरी त्याला तक्रार करता येत नाही, कारण तक्रार केली तर व्हिसाच धोक्यात येतो. या टोकापर्यंत पोहोचलेल्या मुलांशी बोलताना मला सर्वांत जास्त त्रास होतो. कारण तोपर्यंत त्यांच्याकडे निवडीला फारसे काही उरलेले नसते.

वर्षाच्या मधल्या महिन्यांबद्दल थोडक्यात सांगते. थंड देशांत हिवाळ्याचे कपडे आणि तापवणीचा खर्च एकाच वेळी अंगावर येतो. जर्मनीत प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो सार्वजनिक प्रसारण-शुल्क द्यावे लागते, घरात रेडिओ-दूरचित्रवाणी असो वा नसो. त्याचे पत्र पत्त्याची नोंदणी झाल्यावर काही आठवड्यांनी येते आणि मागणी तीन-तीन महिन्यांची असते. एका घरात राहणाऱ्यांनी ते वाटून घ्यायचे असते, हे माहीत नसल्याने काही जण एकटेच भरत राहतात. रक्कम लहान आहे. परंतु ज्याच्या हिशेबात ढिलाईच नाही, त्याला अशी लहान पत्रेच जड जातात.

दुसऱ्या वर्षाची गोष्ट मात्र लहान नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीही व्हिसाच्या वेळी बहुधा पहिल्या वर्षाचाच निधी दाखवावा लागतो आणि आपला कागदही तिथेच थांबतो. जर्मनीत निवासपरवान्याचे नूतनीकरण करताना पुढील काळाचा निधी पुन्हा दाखवावा लागतो, म्हणजे खाते तळाला गेलेले असते नेमके तेव्हाच ते भरलेले असावे अशी अपेक्षा असते. पहिल्या अर्जाच्या वेळी ज्यांनी नातेवाइकांकडून उसनवारी करून खात्यात रक्कम दाखवली आणि नंतर ती परत केली, त्यांची कोंडी या वेळी होते. ही ‘दाखवण्यापुरती’ रक्कम उभी करून देण्याचे मार्ग काही सल्लागार स्वतःच सुचवतात, हे आपल्या क्षेत्रातले उघड गुपित आहे. असे करणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की, त्या क्षणी व्हिसा मिळतो, पण खोटा ठरलेला निधी पुढे आमच्या टेबलावर रिकाम्या खात्याच्या रूपाने येतो. तिथे मदतीच्या वाटाही अरुंद असतात. ब्रिटनचा विद्यार्थी-व्हिसा सरकारी कल्याणनिधीचा लाभ घेण्यास मनाई करतो, आणि विद्यापीठांचे आपत्कालीन साहाय्य परदेशी विद्यार्थ्यांना अनेकदा मर्यादितच मिळते, कारण ‘माझ्याकडे पुरेसे पैसे आहेत’ असे त्यांनी लेखी दिलेले असते.

चलनाच्या दराबद्दलही हिशेबात जागा हवी. घरची कमाई एका चलनात आणि खर्च दुसऱ्या चलनात असेल, तर ज्या दिवशी कागद तयार झाला त्या दिवसाचा दर वर्षभर टिकणार नाही. घरचे चलन दहा टक्क्यांनी घसरले तर वर्षाच्या खर्चात एका महिन्याहून अधिक खर्चाची भर पडते, आणि त्यात विद्यार्थ्याचा किंवा पालकांचा काडीचाही दोष नसतो. पैसे पाठवताना बँक जाहीर शुल्काव्यतिरिक्त दरातही आपला वाटा घेते, म्हणून दरमहा थोडे-थोडे पाठवावे की सत्राच्या सुरुवातीला एकदम पाठवावे, याचा विचार निघण्यापूर्वीच व्हायला हवा.

या सगळ्यात मला सर्वांत अधिक सलते ते मुलांचे मौन. कागदावर ‘पुरेसे’ लिहिलेले असते, घरच्यांनी तेवढे दिलेले असते, त्यामुळे पैसे संपले की मुलांना वाटते आपणच कुठेतरी चुकलो. ती घरी सांगत नाहीत. जेवणात काटकसर करतात, विद्यापीठापासून फार दूरची स्वस्त खोली घेतात आणि मग येण्याजाण्यातच दिवस घालवतात, आजारी पडली तरी विम्यातला आपला वाटा भरावा लागेल म्हणून डॉक्टरकडे जायचे टाळतात. घरच्यांना फोनवर ती सांगतात की सगळे छान चालले आहे. चुकीचा आकडा दिल्याने पैशाची ओढाताण होते हे खरेच, पण त्याहून वाईट हे की, त्या आकड्यामुळे प्रामाणिक मूल स्वतःला बेजबाबदार समजू लागते.

म्हणून आपल्याकडे माझी मागणी आहे की, तो एका ओळीचा कागद देणे आता बंद करावे आणि त्याच्या जागी प्रत्येक कुटुंबाला निघण्याच्या दोन महिने आधीपासून अभ्यासक्रमाच्या शेवटच्या महिन्यापर्यंतचा महिनावार तक्ता द्यावा. कोणत्या महिन्यात किती जाणार, कुठून येणार आणि महिन्याअखेरीस हातात किती राहणार, एवढे त्यात दिसले पाहिजे. एखाद्या महिन्याअखेरीची शिल्लक शून्याखाली जात असेल, तर वर्षाची बेरीज जमली तरी तो बेत जमलेला नाही, असे स्पष्ट सांगावे. व्हिसासाठी दाखवायची रक्कम आणि प्रत्यक्ष लागणारी रक्कम वेगवेगळ्या लिहाव्यात. भाड्याचा आकडा देशाचा किंवा विद्यापीठाच्या माहितीपत्रकातला घेऊ नये, तर त्या शहरातला आणि त्या महिन्यातला घ्यावा. तो कधी आणि कुठून घेतला हे बाजूला नोंदवावे, म्हणजे तो जुना झाल्यास वाचणाऱ्याला कळेल. अनामत खर्चातच धरावी. ती परत मिळते हे खरे, पण घर सोडल्यानंतर मिळते, आणि पुढच्या घराची अनामत त्याआधी द्यावी लागते. पार्टटाइमची कमाई तक्त्यात धरूच नये. ती आली तर शिल्लक वाढेल, न आल्यास कोणाचे जेवण तुटणार नाही. शेवटी, अचानक परतीचे तिकीट काढावे लागले तर तेवढी रक्कम कोणत्याही महिन्यात हात न लावता बाजूला असावी. घरी कोणी अत्यवस्थ असताना तिकिटासाठी ओळखीच्यांकडे पैसे मागत फिरणारी मुले मी पाहिली आहेत.

हा तक्ता कधी द्यायचा यालाही महत्त्व आहे. प्रवेश निश्चित करण्यासाठीची परत न मिळणारी रक्कम भरून झाल्यावर दिलेला हिशेब कितीही अचूक असला तरी उपयोगाचा नसतो, कारण तेव्हा माघार घेणे महाग झालेले असते आणि कुटुंब प्रत्येक आकड्याकडे आशेने पाहू लागलेले असते. तो त्या रकमेच्या आधी, शक्य तर विद्यापीठांची यादी करतानाच द्यायला हवा. तसे केले तर काही कुटुंबे महागड्या शहराऐवजी लहान शहरातले तितकेच चांगले विद्यापीठ निवडतील, काही एक वर्ष थांबून पैसे साठवतील आणि काही जण जाणार नाहीत. अनेक विद्यापीठे प्रत्येक प्रवेशामागे सल्लागाराला मोबदला देतात, त्यामुळे यातल्या शेवटच्या दोन शक्यतांत आपले नुकसान आहे, हे मी जाणते. तरीही ते सांगणे हाच सल्ला आहे, आणि त्यासाठीच लोक तुमच्या दारी येतात. आपल्यातील काही जण आजही असे करतात. त्यांनी पाठवलेले विद्यार्थी आमच्या कक्षात पैशासाठी सहसा येत नाहीत, आणि आलेच तर त्यांच्या हातात तारखांसह मांडलेला हिशेब असतो, त्यामुळे नेमकी अडचण कुठे आहे हे पहिल्या पाच मिनिटांत समजते आणि मार्गही काढता येतो.

येत्या प्रवेश-हंगामाचे अर्ज आपल्या टेबलावर असतीलच. त्यातल्या निदान ज्या विद्यार्थ्यांनी अजून पैसे भरलेले नाहीत, त्यांना आणि त्यांच्या पालकांना एकत्र बसवून पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब तारीखवार मांडून दाखवावा, ही विनंती.

आपली नम्र,
परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतकक्षातील एक कार्यकर्ती